कॅमेरा घेतला, आता कागद करा

तुळशीचे लग्न लागले की घोटीतल्या फोटोग्राफरचे वर्ष सुरू होते आणि आषाढी एकादशीला देव झोपले की ते संपते. मधल्या काळात जेवढे मुहूर्त तेवढी कमाई. उरलेले चार महिने पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स, शाळांची ओळखपत्रे आणि गणपती-नवरात्रातली मंडळांची किरकोळ कामे. इगतपुरी तालुक्यात या धंद्यातल्या प्रत्येकाला हे गणित पाठ आहे. तरी दर हंगामात नवी पोरे यात उतरतात. कोणी गोंद्याच्या कारखान्यातली कंत्राटी पाळी सांभाळून, कोणी नाशिकच्या कॉलेजात जाता-येता, कोणी घरची भाताची शेती बघत. कॅमेरा हप्त्याने मिळतो, शिकवणारे व्हिडिओ फुकट आहेत आणि स्वतःच्या नावापुढे ‘फोटोग्राफी’ लावून इन्स्टाग्रामवर पान उघडायला पाच मिनिटे पुरतात.

अवघड असते ते तिसरे वर्ष. पहिल्या वर्षी चुलत-मावस भावंडांची लग्ने असतात, दुसऱ्या वर्षी मित्रांची. तिसऱ्या वर्षी अनोळखी माणूस फोन करतो आणि तिथे धंद्याची खरी परीक्षा सुरू होते.

या मुलांना सल्ला देणारे ढीगभर आहेत. चांगली लेन्स घे, मुंबई गाठ, रोज काहीतरी पोस्ट कर. यात अगदीच तथ्य नाही असे नाही. पण घोटीसारख्या गावातला स्वतंत्र फोटोग्राफर लेन्सवाचून बुडाल्याचे क्वचितच दिसते. तो बुडतो कारण त्याच्याकडे व्यवहाराचा कागद नसतो आणि दाखवायला लोकांच्या लग्नांपलीकडे स्वतःचे काम नसते. पहिली गोष्ट आली तर पोट भरेल, दुसरी आली तर नाव होईल. दोन्हीसाठी घोटी सोडायची गरज नाही.

आधी लग्नाबद्दल, कारण शहरातली कलावंत मंडळी या कामाकडे नाक मुरडतात. त्यांनी एकदा तालुक्यातल्या एखाद्या मांडवात अंतरपाटाशेजारी उभे राहून पाहावे. मांडवाचे कापड गुलाबी-पिवळे असते. दुपारच्या उन्हात तो रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो आणि हळदीच्या अंगाला आणखी पिवळे करतो. एका बाजूने एलईडी वॉलचा निळा झोत येत असतो. मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात, अंतरपाट दूर होतो आणि नेमके तेव्हाच समोर पन्नास मोबाइल वर जातात. नवरा-नवरीची नजरानजर होते ती दीड सेकंदाची. ती पुन्हा करून घेता येत नाही. करून घेतली तर फोटोत कळते. व्हाइट बॅलन्स, फ्लॅशची दिशा, व्हिडिओवाल्या जोडीदाराच्या मध्ये न येण्याची कसरत आणि नवरीच्या मामाच्या खांद्यावरून वाट काढणे, सगळे त्या दीड सेकंदात. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला याहून फार वेगळी तयारी लागत नाही.

आणि या कामाचा भाव ठरतो कसा? फोनवर, दोन मिनिटांत. ‘अमक्याने तर एवढ्यात केले, वर ड्रोनही दिला’ हे वाक्य ऐकले नाही असा फोटोग्राफर तालुक्यात नसेल. विसार ‘हळदीच्या दिवशी देतो’ यावर अडतो. लग्न पार पडते. मग अल्बम छापायला टाकायचा तर घरच्यांनी फोटो निवडून द्यायचे असतात, आणि ती निवड सहा-सहा महिने होत नाही. अल्बम नाही म्हणून उरलेली रक्कम नाही. इकडे कॅमेऱ्याचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून जातो.

साधा हिशेब करून पाहावा. समजा, दोन लाखांचे साहित्य आहे आणि ते पाच वर्षे चालले. म्हणजे वर्षाला 40 हजारांची झीज. वर्षात 20 ऑर्डरी धरल्या तर प्रत्येक लग्नामागे दोन हजार रुपये नुसते साहित्याचे गेले. त्यात जोडीदाराची मजुरी, गाडीचे पेट्रोल, अल्बमची छपाई, हार्ड डिस्क आणि संगणकासमोर बसून फोटो निवडण्या-सुधारण्याचे चार-पाच दिवस मिळवायचे. बहुतेक नवी मुले हे शेवटचे चार-पाच दिवस भावात धरतच नाहीत. ‘शूट एका दिवसाचे’ असे गिऱ्हाईक म्हणते आणि फोटोग्राफरही तेच धरून चालतो. शेजाऱ्याचा भाव पाडून पहिली दहा कामे मिळतात. अकरावे मिळेपर्यंत शटर आणि उमेद दोन्ही झिजलेली असतात.

पैशाइतकीच मोठी गोष्ट हक्काची आहे आणि तिच्याविषयी या धंद्यात कमालीचे अज्ञान आहे. फोटो ज्याने काढला त्याचाच तो, असा सार्वत्रिक समज. कायदा तसे म्हणत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातले 17 वे कलम सांगते की, कोणी मोबदला देऊन सांगितल्यावरून फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो कायद्याने लग्नघरचे. आपल्या पानावर, दुकानाच्या काचेवर किंवा कॅटलॉगमध्ये नवरीचा फोटो लावणारा फोटोग्राफर त्यांच्या परवानगीवाचून तो लावत असेल तर तो दुसऱ्याची वस्तू मिरवत असतो. भांडण होत नाही तोवर चालते, एवढेच.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. कोणीही सांगितलेले नसताना, पहाटे उठून, कळसूबाईच्या वाटेवर स्वतःच्या हौसेने टिपलेला सूर्योदय मात्र पूर्णपणे काढणाऱ्याचा असतो, आणि त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर 60 वर्षे त्यावर हक्क राहतो. तो एखाद्या रिसॉर्टने उचलून आपल्या फलकावर लावला, किंवा एखाद्या पर्यटन कंपनीने जाहिरातीत वापरला, तर परवानगी आणि मोबदला मागणे हा उद्धटपणा नव्हे. हक्क कोणाला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. आणि हक्क विकला तरी ‘हा फोटो मी काढला’ असे म्हणण्याचा अधिकार 57 व्या कलमाने काढणाऱ्याकडेच ठेवला आहे.

नाव न छापण्याची खोड जुनी आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये येऊ लागली तेव्हा एका फोटोला एक रुपया मिळे आणि सुरुवातीची त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावावर प्रसिद्ध होत. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण एखाद्या कामाचे नाव मागून जोडायला किती काळ जातो, याचा हा नमुनाच म्हणायचा. आज व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोखाली कोणाचेच नाव नसते. वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांनाही हे लागू आहे, हा लेख छापणाऱ्या पानासकट. मुंढेगावच्या कारखान्याला 1 जानेवारी 2023 रोजी भीषण आग लागली, अशा वेळी नाशिक किंवा मुंबईहून कोणी निघून पोहोचायच्या आत घोटीतला पोरगा तिथे उभा राहू शकतो. त्याचा फोटो वापरायचा, खाली ‘छाया’ म्हणून त्याचे नाव द्यायचे आणि त्याला पैसे द्यायचे, यात अवघड काही नाही.

म्हणून कागद. वकिलाच्या भाषेतला नको, मराठीत एका पानाचा पुरे. किती तास, किती माणसे, किती फोटो, अल्बमची किती पाने; विसार किती, लग्नाच्या दिवशी किती आणि फोटो हाती देताना किती; महिन्याभरात निवड झाली नाही तर फोटोग्राफर निवडेल आणि रक्कम द्यावी लागेल; तारीख मोडली तर विसाराचे काय; फोटो किती महिने सांभाळून ठेवणार; आणि यातले काही फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायला कुटुंबाची हरकत आहे की नाही. या शेवटच्या ओळीने 17 व्या कलमाची अडचण मिटते. शिवाय एखाद्या घराला मुलीचे फोटो इंटरनेटवर नको असतील तर ते आधीच कळते, जे सभ्यपणाचेही आहे. रिसॉर्ट आणि कंपन्या तर बिल, पॅन आणि बँक खाते असल्याशिवाय कामच देत नाहीत. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेतो सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकाला सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा ‘कागदपत्रांची कटकट’ ही सबब फारशी टिकत नाही.

ड्रोनच्या बाबतीत मात्र कटकट आहे आणि ती असायलाच हवी. 2021 च्या नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागते आणि धंद्यासाठी तो उडवायचा तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र. देवळालीचा लष्करी तळ आणि तोफखाना प्रशिक्षण केंद्र याच पट्ट्यात आहे. नकाशावर क्षेत्र न बघता वरातीवर ड्रोन सोडणाऱ्याने आपण कोणाच्या शेजारी राहतो हे विसरू नये.

आता त्या रिकाम्या चार महिन्यांकडे वळू. धंद्याचा हा मंदीचा काळ नेमका या मुलखाचा सर्वांत देखणा काळ असतो, ही घोटीकरांवर निसर्गाने केलेली थोडी विचित्र मेहेरबानी आहे. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजवे झाडांवर उतरतात. मग आवणी सुरू होते; गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगा, डोक्यावर प्लास्टिकचे इरले, मागे ढगात अर्धे बुडालेले अलंग-मदन-कुलंग. त्रिंगलवाडी, कावनई, वैतरणेचे पाणी, भावलीच्या बाजूचे धबधबे. मुंबईहून हजारो माणसे हे टिपायला शनिवार-रविवारी येतात, त्याच त्या वळणावर गाडी थांबवतात आणि तोच तो फोटो घेऊन जातात. घोटीत राहणाऱ्याकडे मंगळवारची सकाळ असते, ढग कोणत्या वाऱ्याला फाटतो याची जाण असते आणि चिखलातल्या त्या बाईचे नाव त्याला ठाऊक असते. एवढी शिदोरी असताना तो ऑगस्टमध्ये घरी बसून कॅमेऱ्यांच्या तुलनेचे व्हिडिओ बघत असेल तर दोष लेन्सचा नाही.

(पावसाचे एक दुखणे मात्र खरे आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्या दमटपणात लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. भाताचे गाव म्हणून भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरणारेही आहेत. त्याने कॅमेरा वाळतो की नाही देव जाणे, पण तांदळाची पूड फटीत नक्की शिरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर भागते.)

रिकाम्या वेळात, कोणी सांगितलेले नसताना केलेल्या कामाचे काय होऊ शकते, याचे सर्वांत जवळचे उदाहरण त्र्यंबकेश्वरचे आहे. 30 एप्रिल 1870 रोजी तिथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके आधी फोटोग्राफरच होते. गोध्र्यात त्यांनी फोटोचा धंदा केला. तिथे प्लेगने बायको आणि मूल नेले. बडोद्यात पुन्हा दुकान मांडले तर कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो अशी अफवा. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवणे, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छपाईचा व्यवसाय. 1912 मध्ये ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला पैसे कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण केले. मिनिटभराची फिल्म झाली, ‘अंकुराची वाढ’. ती त्यांनी निवडक लोकांना दाखवली आणि त्यातूनच कर्ज देणारे मिळाले. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा.

आजच्या भाषेत तो कुंडीतला वाटाणा म्हणजे पोर्टफोलिओ. फाळक्यांनी लोकांना कॅमेऱ्याची किंमत सांगितली नाही, कॅमेऱ्यातून काय होते ते दाखवले. घोटीतल्या मुलाच्या मोबाइलमध्ये चारशे नवऱ्या असतात. एका विषयावरचे सलग वीस फोटो बहुधा नसतात. संपादक, रिसॉर्टचा मालक, संस्था किंवा शिष्यवृत्ती देणारे बघतात ते हे वीस फोटो.

विषयांची वाण या तालुक्यात नाही. धरणांचा तालुका; दारणा, मुकणे, भावली, वैतरणा इथलीच, आणि तरी उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांना हंडे घेऊन खाली उतरावे लागते. बोहाड्याची सोंगे आहेत. भात गिरण्यांमधले हमाल आहेत, समृद्धी महामार्गाने बदललेली गावे आहेत. आणि समोर सिंहस्थ आहे. जाहीर कार्यक्रमानुसार 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 रोजी पहिले अमृतस्नान. भस्म फासलेल्या साधूचा फोटो काढायला जगभरातून कॅमेरे येतील. त्या गर्दीत आणखी एकाची भर घालण्यात हशील नाही. पण घोटीपासून जवळच्या कावनईला सिंहस्थाचे मूळ स्थान मानण्याची परंपरा आहे. तिथल्या कपिलधारा तीर्थाची आत्तापासून पर्वणी संपेपर्यंतची गोष्ट, बदलणारे रस्ते, दुकाने, साफसफाई करणारे हात, हे सलग दोन वर्षे टिपणे बाहेरून आलेल्याला परवडणार नाही. इथल्या माणसाला ते दुचाकीवर जमते.

अशा दीर्घ कामाचे मोल किती, हे सुधारक ओलवे यांच्याकडे पाहून कळते. अकोल्यातून मुंबईला आलेल्या ओलवे यांनी वृत्तपत्रातली नोकरी केली आणि तिच्या जोडीने मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे टिपले. गटारात उतरलेल्या माणसांची ती कृष्णधवल छायाचित्रे हीच त्यांची ओळख झाली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूचे एम. पळनी कुमार यांची आई मासळी विकणारी. त्यांनीही आपल्याच भोवतालच्या कष्टकऱ्यांचे फोटो काढले आणि 2022 मध्ये पहिला दयानिता सिंग-पारी पुरस्कार मिळवला. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेला ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह मराठीतही निघतो. इगतपुरी तालुक्यातल्या मुलांनी निदान तो उघडून पाहावा.

दोघांच्या गोष्टीतून ‘नोकरी सोड, स्वप्नामागे जा’ असा अर्थ कोणी काढू नये. गौतम राजाध्यक्ष यांच्यासारखा, सिनेमातल्या चेहऱ्यांना नवे रूप देणारा छायाचित्रकारसुद्धा लिंटास या जाहिरात संस्थेत बरीच वर्षे नोकरी करत होता. नट-नट्यांचे पोर्ट्रेट त्यांनी 1980 च्या सुमारास सुरू केले आणि नोकरी सोडली ती 1987 मध्ये. गोंद्याची पाळी सांभाळून शनिवार-रविवारी कॅमेरा घेणाऱ्याला ‘अर्धवट’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पगार चालू असताना पाडून भाव घ्यावा लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. लग्नाच्या ऑर्डरीचेही तसेच आहे. तिने हप्ता फिटतो आणि पावसाळ्याचे चार महिने मोकळे मिळतात. ते वापरले तर ती ऑर्डर करिअरच्या आड येत नाही.

स्थानिक काम देणाऱ्यांनीही थोडे बदलायला हवे. इगतपुरी-वैतरणा पट्ट्यातली रिसॉर्ट आणि वायनरी जाहिरातीचे फोटो मुंबईच्या चमूकडून काढून घेतात आणि पावसाळ्यातले फोटो मात्र गावातल्या मुलाच्या पानावरून ‘टॅग करतो’ म्हणत उचलतात. टॅगने किराणा भरत नाही. सिंहस्थाच्या कामांचे दस्तऐवजीकरण प्रशासन कोणाकडून तरी करून घेणारच आहे. त्यात त्र्यंबक-इगतपुरीतल्या छायाचित्रकारांना दर ठरवून, नाव देऊन वाटा मिळाला पाहिजे. ही मागणी तालुक्यातल्या फोटोग्राफरांनी एकत्र येऊन आत्ताच करावी, ध्वज चढल्यावर नाही.

आणि या हंगामात ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांनी फोटोग्राफरला ‘शेवटचे किती’ विचारण्याआधी कराराचा कागद मागावा, नीट वाचून सही करावी, विसार त्याच दिवशी द्यावा, आणि अल्बमचे फोटो महिन्याच्या आत निवडून द्यावेत.